वाचक विचारतात: व्हेल शार्कसोबत पाण्यात उतरायचंय, पण…

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही चोपड्याचे. दिवाळीनंतर मालदीवला जायचं ठरलंय आणि टूरवाल्याने पॅकेजमध्ये व्हेल शार्कसोबत स्नॉर्केलिंग टाकलंय. मिस्टर लहानपणापासून शेतातल्या विहिरीत आणि तापीत पोहलेत म्हणून ते निवांत आहेत, मला पोहता येत नाही, मुलगी अकरा वर्षांची, तिने जळगावला स्विमिंगचा क्लास केलाय, आणि सासूबाईंना बीपी आहे. टूरवाला म्हणतो काही होत नाही, बिनधास्त या. मासा काही करणार नाही ना? आणि फॉर्मवर एवढे नियम छापलेत ते सगळे खरंच पाळतात का लोक?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: ताई, माशाची भीती आधी मनातून काढा. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा, चाळीस फुटांपर्यंत वाढू शकतो, पण खातो काय तर पाणी गाळून त्यातलं प्लवक म्हणजे तरंगणारे बारीक जीव, बारीक मासे, माशांची अंडी. दात आहेत पण अगदी बारीक, आणि माणसाकडे तो बहुतेक वेळा लक्षही देत नाही. त्याचं शेपूट मात्र जपा, ते आडवं फिरतं आणि त्यात प्रचंड ताकद असते, म्हणून मालदीवच्या नियमात अंगापासून तीन मीटर आणि शेपटापासून चार मीटर लांब राहायला सांगितलंय. हात लावायचा नाही, समोरून वाट अडवायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, बोटीवरून धप्पकन उडी टाकायची नाही. लोक पाळतात का, तर सगळे नाही पाळत, पण तुम्ही पाळा, कारण दहा-पंधरा जण एकदम अंगावर गेले की मासा सरळ खोल निघून जातो आणि सगळ्यांचाच दिवस वाया जातो.

खरा धोका पाण्याचा आहे आणि तुमच्या मिस्टरांना हे मी मुद्दाम सांगते. विहिरीला काठ असतो, तापीत पलीकडचा तीर दिसतो. मालदीवच्या साऊथ आरी अॅटॉल या गोलाकार बेटसमूहाच्या बाहेरच्या कडेला, जिथे हे मासे वर्षभर दिसतात, तिथे खाली तळ दिसत नाही, नुसतं निळं, वर लाटा, खालून करंट, आणि तोंडात नळी धरून श्वास घ्यायचा असतो. चांगले पोहणारेही तिथे घाबरतात, श्वास फुलतो, माशामागे जोरात पोहायला जातात आणि दमून बोटीपासून लांब पडतात. त्यामुळे मिस्टरांनी पण लाइफ जॅकेट घालावं, त्यात काही कमीपणा नाही, मासा वरच्याच पाण्यात असतो, डुबकी मारायची गरजच नसते.

तुम्ही स्वतः, पोहता येत नसेल तर, यावेळी उतरू नका असंच मी म्हणेन. जॅकेट तरंगवतं, पण घाबरायचं थांबवत नाही. मुलीला आधी पूलमध्ये मास्क आणि नळी लावून सराव द्या, तिला आवडलं तर गाइडचा हात धरून जाऊ द्या, नाही आवडलं तर जबरदस्ती नको. सासूबाईंनी बोटीवरूनच बघावं, पाणी शांत असलं की वरूनही पाठीवरचे पांढरे ठिपके छान दिसतात. प्रत्येक माशाचे ठिपके वेगळे असतात, अभ्यासक फोटोवरून एकेक मासा ओळखतात.

मास्क घेताना पट्टा न लावता तोंडावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा, चिकटून राहिला तर बसतोय. मिस्टरांना मिशी असेल तर तिथून पाणी शिरतं, थोडं व्हॅसलीन लावायचं. सनस्क्रीनपेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट बरा. टूरवाल्याला फोनवर विचारा: एका गाइडमागे माणसं किती, बोटीवर ऑक्सिजन आणि रेडिओ आहे का, माणूस वर घेताना प्रोपेलर बंद करता का. ऑस्ट्रेलियात निंगलूला एका माशाजवळ एका वेळी जास्तीत जास्त दहाच जणांना पाण्यात सोडतात. तुमच्या या प्रश्नांवर जो "बिनधास्त या" एवढंच म्हणेल त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न: आम्हाला नंदुरबारहून गुजरात जवळ. वेरावळकडे हे मासे येतात म्हणे, तिथे कोळ्यांची बोट ठरवून गेलो तर? मित्र म्हणतो फिलिपिन्सला ओस्लोबला हमखास दिसतात.
– एक वाचक, शहादा

उत्तर: भाऊ, बोट ठरवून माशामागे लागू नका. 2001 पासून व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघासारखाच. त्याआधी त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी त्याची भरपूर शिकार व्हायची. मग 2004 मध्ये त्याला वाचवायची मोहीम सुरू झाली, रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, आणि आखाजीला लेकी माहेरी आणणाऱ्या आपल्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून तिथले कोळी मासा अडकला की स्वतःचं महागडं जाळं कापून सोडतात, त्याची भरपाई मिळते. मला तर त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

ओस्लोबला हमखास दिसतात कारण तिथे बोटीवरून रोज कोळंबी टाकतात. मासा बोटीला सरावतो, मग दुसरीकडेही बोटीजवळ जातो आणि प्रोपेलरने कापला जातो. फिलिपिन्सलाच जायचं असेल तर डोनसोलला जा, तिथे खायला टाकत नाहीत, फेब्रुवारी ते मे बरा काळ. दिसेलच अशी गॅरंटी नाही, म्हणून एक दिवस जादा ठेवा.