झोपेत पोटरीत गोळा येतो, तेव्हा नेमकं काय करावं?
गोळा आला की नुसती पोटरी दाबत बसू नका, आधी तिला ताण द्या. गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा नडगीकडे ओढा आणि 20-30 सेकंद तसाच धरा. हात पोचत नसेल तर चवड्याला टॉवेल अडकवा. झटके मात्र देऊ नका. गोळा सुटला की हलकं चोळा, शेक द्या. ठणका दुसऱ्या दिवशीही राहू शकतो.

झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड होऊन पडलेला असतो. म्हणून पांघरूण पायाशी घट्ट खोचू नका. झोपण्यापूर्वी भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहा, हात भिंतीला टेकवा आणि टाचा न उचलता पुढे झुका, तीन वेळा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कांना फारसा उपयोग होत नाही. क्विनीन हे मलेरियाचं औषध तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.