फिजिओथेरपिस्ट खरंच शिकलेला आहे की नुसता मसाज करणारा, हे कसं ओळखायचं?

दोघंही हातांनीच काम करतात, मग शिक्षणात फरक तो काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते खरा फरक तपासणीत आहे.

फिजिओथेरपीची पदवी देशागणिक साधारण तीन ते पाच वर्षांची असते. अमेरिकेत आधी पदवी आणि मग जवळपास तीन वर्षांची डॉक्टरेट. आधी शरीररचना, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं बळांचं शास्त्र. मग हाडं-सांधे, मज्जासंस्था, हृदय-फुफ्फुसं, आणि त्यांच्या वॉर्डांत देखरेखीखाली काम. लोकांना गुडघे-खांदेच आठवतात, पण आयसीयूतल्या रुग्णाचा कफ मोकळा करणं, पक्षाघातानंतर उभं करणं हेही याच अभ्यासक्रमात येतं.

तपासणी म्हणजे काय ते बघा. कुल्ह्याच्या बाजूचा ग्लुटियस मेडियस हा स्नायू तपासताना रुग्णाला कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला सांगतात. ताकदीला 0 ते 5 अशी श्रेणी असते. पाय नुसता पूर्ण उचलला गेला तर 3. वरून हाताने दाबल्यावर कितपत टिकतो, त्यावरून 4 किंवा 5. ऐकायला सोपं आहे. पण स्नायू कमजोर असला की रुग्ण नकळत कंबर मागे कलंडवतो, पाय जरासा पुढे घेतो आणि उचलतो. काम भलताच स्नायू करतो आणि नवखा विद्यार्थी खुशाल 4 लिहून मोकळा होतो. म्हणून एक हात कंबरेवर घट्ट ठेवायचा आणि पाय सुरुवातीलाच किंचित मागे घ्यायचा. नोंदच चुकली तर पुढचा व्यायामही चुकीच्या स्नायूला जातो.

कुठे हात लावायचा नाही, हेही तितकंच घोटून घेतात. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर व्यायाम नाही, ताबडतोब रुग्णालय. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यायची, मसाज अजिबात नाही. गरोदर बाईच्या पोटावर किंवा कॅन्सरच्या गाठीवर उपचाराचं अल्ट्रासाऊंड मशीन (सोनोग्राफीचं नव्हे) फिरवायचं नाही.

आता ओळखायचं कसं? पदवीचं पूर्ण नाव विचारा. जिथे कायद्याने नोंदणी लागते तिथे नोंदणी क्रमांक मागा आणि ती नोंदणी आज चालू आहे ना, ते यादीत बघा. नावापुढच्या अक्षरांच्या रांगेला भुलू नका. टेपिंग (त्वचेवर पट्ट्या चिकटवणं), ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचणं) वगैरेंचे दोन-चार दिवसांचे कोर्स पदवीवरची जोड असतात, पदवीच्या जागी चालत नाहीत. आणि पहिल्याच भेटीत ना विचारपूस, ना हालचाल मोजणं, थेट मशीन लावून वीस मिनिटं पडून राहायला सांगितलं, तर भिंतीवर पदवी टांगलेली असली तरी दुसरीकडे दाखवा.