सॅडलचं सामान हलकं करायचंय? आधी वजनकाटा काढा

सॅडल हंटिंगवर लिहिल्यापासून वाचकांची पत्रं येतायत आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर आहेत, ती म्हणजे वजन. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारी पट्ट्यांची झोळी, ती टेदर नावाच्या दोरीने झाडाला बांधायची, पायाखाली जेवायच्या पाटापेक्षाही लहान प्लॅटफॉर्म, वर चढायला खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या म्हणजे स्टिक्स, आणि झाडाकडे तोंड करून धनुष्य घेऊन हरणाची वाट बघत बसायचं. मोबाइल म्हणजे स्टँड रानात सोडून यायचा नाही, सगळं पाठीवर न्यायचं आणि अंधार पडल्यावर सगळं परत आणायचं. अमेरिकेतल्या पब्लिक लँडवर व्हाइटटेल हरणामागे जाणाऱ्यांमध्ये हे गेल्या काही वर्षांत खूप पसरलंय, पण आमच्या मिशिगनचे जॉन एबरहार्ट यांच्यासारखे लोक सॅडलची चर्चाही नव्हती तेव्हापासून असेच बसतायत.

प्रश्न: दादा, मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, वॉटरलू रिक्रिएशन एरियात जातो. पार्किंगपासून दीड मैल चालतो आणि झाडाखाली पोचेपर्यंत बनियन पिळून काढावा एवढा घाम आलेला असतो, मग नोव्हेंबरच्या थंडीत तासाभरात कुडकुडायला लागतो. धनुष्य आणि कपडे सोडून सामान 39 पौंड भरलं. मित्र म्हणतात टायटॅनियमच्या स्टिक्स घे. घेऊ का?

आत्ता नको. तुम्ही पत्रात प्रत्येक वस्तूचं वजन लिहिलंत त्याबद्दल आधी धन्यवाद, कारण बहुतेक लोक "जड आहे" एवढंच लिहितात आणि काय जड आहे ते त्यांनाच माहीत नसतं. तुमचा हिशोब असा आहे: चार स्टिक्स 10 पौंड, प्लॅटफॉर्म साडेसहा, सॅडल आणि दोऱ्या साडेचार, रिकामी बॅग 5, दोन लिटर पाणी साडेचार, कॅमेरा आणि त्याचा आर्म साडेतीन, आणि "इतर" म्हणून 5.

मी त्या "इतर"पासून सुरुवात करेन. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो, आणि त्यात काय असतं हे मला माझ्याच बॅगेवरून माहितीये: दुसरी बॅटरी, तिसरा चाकू, हरणाला बोलवायच्या दोन-तीन शिट्ट्या, सेंटच्या बाटल्या, "असू दे" म्हणून टाकलेली दोरी. सगळं चादरीवर मांडा, आणि गेल्या पाच खेपांत जे एकदाही हातात घेतलं नाही ते घरी ठेवा. यातून फक्त तीन गोष्टी वगळायच्या नाहीत: डोक्याचा दिवा, फर्स्ट एडचं छोटं पाकीट आणि चार्ज केलेला फोन, ते वापरले नाहीत तरी न्यायचेच. एवढं करून 3 पौंड सहज जातात. दुपारच्या बैठकीला दोन लिटर पाणी लागत नाही, एक लिटर न्या आणि दुसरी बाटली गाडीत परत आल्यावर प्यायला ठेवा, 2.2 पौंड गेले. कॅमेरा तुम्ही स्वतःच लिहिलंय की मुलाला दाखवायला म्हणून नेता, तर फोनने काढा, साडेतीन गेले. रिकामी बॅग 5 पौंडांची म्हणजे ती फ्रेमवाली मोठी बॅग असणार, ती एल्क म्हणजे मोठ्या जातीचं हरीण मारून पाठीवर मांस आणणाऱ्यांसाठी बरोबर आहे, तुम्हाला अडीच पौंडांची साधी बॅग पुरते, कारण इथे हरीण मिळालं तर आपण ते स्लेडवर, म्हणजे जमिनीवरून घसरणाऱ्या गाडीवर, ओढून आणतो आणि स्लेड गाडीतच असते.

आता स्टिक्स. चारऐवजी तीन घ्या आणि प्रत्येक स्टिकखाली एक एडर लावा, म्हणजे पट्टीची किंवा दोरीची लोंबती पायरी. तीनही एडर मिळून पाव पौंड, आणि एक स्टिक गेली ती अडीच पौंडांची. शिवाय स्टिक बांधायला जो लोखंडी बकलचा पट्टा येतो तो काढून त्यासाठीच बनवलेली दोरी लावली की दर स्टिकमागे साधारण चार औंस वाचतात आणि अंधारात बकल ॲल्युमिनियमवर आपटून ठण्ण असा आवाज येतो तोही बंद होतो. मला त्या आवाजाचं महत्त्व वजनाएवढंच वाटतं.

आता बेरीज करा. 3 अधिक 2.2 अधिक 3.5 अधिक 2.5 अधिक सव्वादोन अधिक पाऊण, म्हणजे 14 पौंडांच्या थोडं वर. 39 वरून 25 वर आलात आणि खर्च झाला एक बॅग, तीन एडर आणि तीन दोऱ्यांचा. यानंतरही पैसे असतील तर प्लॅटफॉर्म बघा, साडेसहाचा साडेतीन-चारपर्यंत येतो, आणि टायटॅनियम सगळ्यात शेवटी.

घामाचं मात्र वेगळं आहे, तो फक्त वजनाने येत नाही. जाड जॅकेट आणि बिब (छातीपर्यंत येणारी खांद्यावरच्या पट्ट्यांची जाड पँट) अंगात घालून चालू नका, ते बॅगेला बाहेरून बांधा, पातळ मेरिनो लोकरीच्या थरावर चाला, थंडी वाजली तरी चालेल, आणि शेवटचे दोनशे यार्ड निम्म्या वेगाने जा. झाडाखाली दहा मिनिटं उभे राहा, मग चढा आणि वर गेल्यावर कपडे घाला. कपड्यांचं वजन कमी करायला जाऊ नका, गारठलेला माणूस हलतो आणि हललेला माणूस हरणाला दिसतो.

प्रश्न: दोऱ्यांवर लिहा प्लीज. माझे टेदर आणि लाइनमन (चढताना झाडाभोवती घेऊन कमरेला बांधायची दोरी) दोन्ही 11 मिलिमीटरचे आहेत, 8 वर जाऊ का? आणि ॲमस्टील सगळ्यात हलका आणि सगळ्यात मजबूत असं वाचलंय, मग टेदरच त्याचा का करू नये? (ट्रॉय, मिशिगन)

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे कारण इथे चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आधी वजन बघू. 11 मिलिमीटरची दोरी मीटरला साधारण 75-80 ग्रॅम, 8 ची साधारण 50. तुमचा टेदर आठ फूट, लाइनमन आठ फूट, म्हणजे दोन्ही मिळून पाच मीटरच्या आत. वाचले किती, तर 125 ते 150 ग्रॅम, म्हणजे पाच औंस. एवढ्यासाठी लोक रात्र रात्र जागून वाचत बसतात आणि दोन औंसांचं कॉफीचं झाकण बॅगेत तसंच राहतं. 8 ची चांगली दोरी, चढाईसाठी बनवलेली, माणसाला पेलते यात शंका नाही, पण दोरी बदलली की तिच्यावरची गाठ पण बदलावी लागते. 11 वर घट्ट बसणारी प्रुसिक, म्हणजे मुख्य दोरीभोवती गुंडाळलेली आणि भार आला की आवळणारी गाठ, 8 वर सरकू शकते, प्रुसिकची दोरी मुख्य दोरीपेक्षा बारीक आणि तिच्याशी जुळणारी लागते. गाठीऐवजी दात असलेला मेकॅनिकल ॲसेंडर, म्हणजे दोरी पकडून ठेवणारं उपकरण, वापरत असाल तर त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं की तो किती ते किती मिलिमीटरला चालतो, त्याच्या बाहेर जायचं नाही म्हणजे नाहीच.

ॲमस्टील म्हणजे डायनीमाच्या तंतूंची दोरी. ओढून तोडायला फार कठीण, वजनाला कापसासारखी, आणि स्टिक झाडाला बांधायला उत्तम. पण ती दोन गोष्टींत कच्ची आहे. एक तर तिचे तंतू 145 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतात आणि अंगाने गुळगुळीत असल्यामुळे त्यावर घर्षणाची गाठ धरत नाही, म्हणजे ज्या गाठीवर तुमचा जीव लटकलाय ती सरकणार आणि सरकताना तापणार. दुसरं, ती ताणली जात नाही. टेदर ढिला असताना पाय घसरून तुम्ही दोन फूट जरी खाली आलात तरी त्या झटक्याचा काहीही भाग दोरी स्वतःवर घेत नाही, सगळा कंबर आणि पाठीच्या कण्यावर येतो. म्हणून टेदर ॲमस्टीलचा नाही. कोणी वापरत असेल तरी नाही.

वजन कमी करायचंच असेल तर कॅराबिनर, म्हणजे दोरी अडकवायची उघडणारी कडी, बघा. स्टीलचा लॉकवाला एक कॅराबिनर 200 ते 250 ग्रॅम, ॲल्युमिनियमचा 75 च्या आसपास, दोन बदलले की दहा औंसांच्या आसपास वाचतात, दोरीच्या दुप्पट, आणि ताकद स्टीलपेक्षा कमी असली तरी आपल्या कामाला पुरते. फक्त त्यावर लांबीच्या दिशेने कमीत कमी 20 किलोन्यूटन कोरलेलं असलं पाहिजे, म्हणजे साधारण दोन हजार किलो. किल्ल्या अडकवायचे जे रंगीत कॅराबिनर कॅश काउंटरजवळ मिळतात ते झाडावर न्यायचे नाहीत, पाण्याची बाटली लटकवायला सुद्धा नाही, कारण अंधारात थंड हातांना फरक कळत नाही.

आणि लाइनमन रोप "वजन वाचवायला" घरी ठेवू नका. हे मी केलेलं आहे. पावसाळी सकाळ होती, टेदर आहेच की म्हणून कमरेची दोरी गाडीत ठेवली, तिसऱ्या स्टिकवर बूट घसरला, आणि त्या वेळी मी कशालाच बांधलेलो नव्हतो. हाताने स्टिक पकडली म्हणून आज लिहितोय, पण छातीच्या उजव्या बाजूला पुढचे दोन महिने शिंकताना कळ यायची. ती दोरी आणि तिचा कॅराबिनर मिळून पाऊण पौंडाची होती. जमिनीवरून पहिला पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत कुठल्या तरी एका दोरीला बांधलेलं असायचं, या नियमातून एक औंसही कमी करायचा नाही.

प्रश्न: एकच स्टिक घेऊन चढायची पद्धत कशी वाटते?

चांगली आहे, पण पहिल्या वर्षी नाही. एका स्टिकवर चढायचं, टेदरवर लटकायचं, खालची स्टिक काढून वर बांधायची, परत चढायचं, असं चार-पाच वेळा, आणि उतरताना रॅपेल, म्हणजे दोरीवरून हळूहळू सरकत खाली यायचं. तीनऐवजी एक स्टिक म्हणजे चार-पाच पौंड वाचले असं वाटतं, पण रॅपेलला 30-40 फूट दोरी लागते, 8 मिलिमीटरची धरली तरी ती एक-सव्वा पौंड, शिवाय उतरायचं डिव्हाइस आणि दोरी खाली ओढायला बारीक दोरा, म्हणजे खरी बचत तीन पौंडांच्या आसपास. त्या बदल्यात वेळ जास्त, हालचाल जास्त, घाम पण जास्त. लांब चालायचं असेल तर परवडतं, गाडीपासून पाव मैलावर असेल तर मला पटत नाही. उन्हाळ्यात अंगणातल्या झाडावर, पाय जमिनीपासून दोन फुटांवर असताना, डोळे मिटून सगळं करता येईपर्यंत सराव करा. रॅपेल डिव्हाइसच्या खाली बॅकअपची प्रुसिक आणि दोरीच्या टोकाला गाठ, या दोन्ही प्रत्येक वेळी.

प्रश्न: मी आणि नवरा दोघं साउथ-ईस्ट ओहायोत वेन नॅशनल फॉरेस्टला जातो. माझं वजन 115 पौंड, उंची पाच फूट एक. त्याचंच जुनं सामान मला मिळालंय, 31 पौंड. कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड, रतनगड केलेत त्यामुळे चालायची सवय आहे पण त्या डोंगरांवर हे घेऊन चढणं म्हणजे शिक्षा वाटते. की मीच कमी पडतेय?

ताई, तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. ट्रेकर लोक सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा म्हणतात ना, तो हिशोब लावला तर तुमच्यासाठी 23 पौंड होतात. तुमच्या नवऱ्याला 31 चालत असतील, तुम्हाला ते चालायलाच पाहिजेत असं कुठे आहे.

तुमच्याकडे एक फायदा आहे जो धिप्पाड माणसाकडे नाही: पाय लहान, वजन कमी, म्हणजे सगळ्यात लहान प्लॅटफॉर्म तुम्हाला पुरतो. किंवा प्लॅटफॉर्म नकोच, पट्ट्यावर चार-पाच पायऱ्या ओवून झाडाभोवती कडं करतात तसं करा, झाडाच्या सगळ्या बाजूंनी फिरता पण येतं. दुसरं म्हणजे उंची. वीस फुटांवर गेलंच पाहिजे असं डोक्यात बसलेलं असतं, पण उतारावरच्या झाडाला मागे फांद्यांचा आडोसा असेल तर 12-14 फूट पुरतात, आणि मग एडर लावलेल्या दोनच स्टिक्स लागतात. फक्त एडरच्या पायरीचं अंतर स्वतःच्या पायाने मोजून घ्या, तयार एडर उंच माणसाच्या मापाने केलेले असतात आणि गुडघा छातीला लावून चढावं लागलं तर ते सुरक्षित नाही.

आणि सॅडल मात्र स्वतःच्या मापाचं नवीन घ्या. नवऱ्याचं ओढूनताणून बसवलं तर मांडीच्या पट्ट्या चुकीच्या जागी येतात, तासाभरात पाय बधिर होतात. त्याचं सामान घ्यायचं असेल तर दोरी नको, किती उन्हात-पावसात राहिलीय ते कळत नाही.

प्रश्न: स्टिक्सच नकोत, झाडात पिळून बसवायच्या स्क्रूच्या पायऱ्या किती हलक्या असतात! त्या का नाही?

मिशिगनच्या पब्लिक लँडवर झाडाच्या सालीतून आत घुसणारं काहीही वापरायला बंदी आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या हंटिंग डायजेस्टमध्ये, म्हणजे शिकारीच्या नियमांच्या पुस्तिकेत, बघून घ्या. आणि कायदा सोडा, त्या झाडावर आपल्यानंतर पण कोणीतरी बसणार आहे.

प्रश्न: आम्ही चंद्रपूरला असतो, भाऊ अमेरिकेत आहे, तो हा अंक पाठवतो. सॅडल इकडे वापरता येईल का?

शिकारीला अजिबात नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हे योग्यच आहे. ताडोबात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावरून प्राणी मोजतात तिथे पण वनखात्याचं मचाणच वापरायचं, स्वतःचा दोर घेऊन जंगलातल्या झाडावर चढायचं नाही. स्वतःच्या शेतातल्या आंब्याच्या फांद्या उतरवायला मात्र कमरेची दोरी आणि टेदर ही जोडी शिकून घ्या, झाडावरून पडून माणसं जातात ती बहुतेक बांधलेली नसतात.

प्रश्न: सामान हलकं झालं, आता झाड कुठलं निवडू?

हा प्रश्न मिशिगनमधल्या कँटनच्या एका वाचकाचा आहे आणि तो वजनाशी जोडलेला आहे, कारण हलक्या, छोट्या स्टिक्स बारीक आणि वाकड्या झाडावरही बसतात, म्हणून आपण आधी ज्यांच्याकडे बघतही नव्हतो अशा झाडांवर चढायला लागतो. शॅगबार्क हिकरी टाळा, तिची साल सुटी असते, दोरी फिरवली की तुकडे पडतात आणि सगळं रान ऐकतं. ओक आणि मेपल चांगले. ॲशवर चढू नका. एमराल्ड ॲश बोरर हा किडा 2002 साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच भागात, डेट्रॉइटच्या आसपास, आणि त्याने या राज्यातली कोट्यवधी ॲशची झाडं मारली. बरीचशी अजून उभी आहेत, सरळसोट, फांद्या नसलेली, स्टिक लावायला अगदी आयती. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसतात का बघा, सुतारपक्ष्याने साल सोलून फिकट पट्टे केलेत का बघा. पहाटे अंधारात हे दिसत नाही, म्हणून झाड आदल्या रविवारी दिवसाउजेडी बघून, वर पानं किंवा जिवंत कळ्या आहेत याची खात्री करून, फोनच्या नकाशावर खूण करून ठेवायचं.