आरुषी प्रकरण : "घरात चौघंच होते, मग दुसरं कोण?"

कोर्टाने सोडलं तरी तेरा वर्षांच्या आरुषी तलवारला आईवडिलांनीच मारलं असणार, घरात ती, आईवडील आणि नोकर हेमराज असे चौघंच तर होते, मग दुसरं कोण, असं तुम्ही विचारलंय. फौजदारी वकिलीत आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौघांचा हा हिशेब पहिल्याच दिवशी चुकला होता. १६ मे २००८ला सकाळी नोएडाच्या जलवायू विहारमध्ये आरुषी तिच्या खोलीत मृत सापडली आणि पोलिसांनी तिथल्या तिथे खुनी ठरवला, घरकाम करणारा हेमराज, कारण तो दिसत नव्हता. हेमराज वर गच्चीवर मरून पडला होता. गच्चीच्या दाराला कुलूप, दारावर रक्ताचे डाग. तरी ते उघडायला दुसरा दिवस उजाडला. तोवर शेजारीपाजारी, नातेवाईक, पत्रकार घरभर फिरून गेले होते. पुरावा तिथेच गेला. पुढे नऊ वर्षं जे चाललं ते त्या एका दिवसाची चूक झाकण्यासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेमराजवरचा संशय असा फुकट गेल्यावर बोट आईवडिलांकडे वळलं. २३ मेला डॉ. राजेश तलवारांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी आरुषीला चौदा वर्षं पूर्ण होणार होती. अटकेबद्दलच्या पत्रकार परिषदेत पोलीस अधिकाऱ्याने तेरा वर्षांच्या पोरीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि तिचं नाव घेतलं 'श्रुती'. मला आजही ते आठवलं की संताप येतो.

डॉ. नूपुर तलवार माहेरच्या चिटणीस, मराठी घरातल्या. त्या टीव्हीवर बोलल्या तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं, म्हणून आमच्या घरातसुद्धा "आई अशी असते का?" झालं. माझ्या मावशीचा तरुण मुलगा गेला, त्या दुपारी ती येईल त्याला "चहा घेतलास का?" विचारत होती. पंधरा दिवसांनी दोरीवरून त्याचा बनियन काढताना कोसळली. त्या दुपारी कोणी कॅमेरा धरला असता तर तीही निर्दयच दिसली असती.

आता कायद्याचं. डिसेंबर २०१०मध्ये सीबीआयने पुरेसा पुरावा नाही म्हणून तपास बंद करायची परवानगी मागितली. त्याला विरोध केला तो तलवारांनीच, पुढे तपास करा म्हणून. त्याच कामासाठी गाझियाबादच्या कोर्टात गेले असताना राजेश यांच्यावर एकाने कोयत्याने वार केले. फेब्रुवारी २०११मध्ये कोर्टाने तलवार पतिपत्नींनाच आरोपी केलं. नोव्हेंबर २०१३मध्ये जन्मठेप, १२ ऑक्टोबर २०१७ला अलाहाबाद उच्च न्यायालयात सुटका.

तुमचा 'चौघंच' हा मुद्दा तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०६चा. घरातली गोष्ट घरच्यांनाच ठाऊक, तर त्यांनी खुलासा द्यावा. पण आधी सरकार पक्षाला आपली बाजू उभी करावी लागते. आरोपीच्या गप्प बसण्यावर खटला उभा राहत नाही. बाहेरून कोणी आलंच नाही, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

तुमच्या प्रश्नाखाली काही जण आता राजेश यांच्या कंपाउंडरकडे आणि ओळखीच्यांच्या घरगड्यांकडे बोट दाखवताहेत. त्यांना अटक झाली होती आणि आरोपपत्राविनाच ते सुटले. हेमराजच्या बायकोने तर नवरा गमावला आणि वर तो खुनी असल्याचं ऐकलं. उच्च न्यायालयाचा निकाल जालावर मिळतो. आधी गच्चीच्या दाराबद्दलचा भाग वाचा, मग पुढचं बोलू.