डिझेल एसयूव्ही मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पुण्यात रोजचं जाणं-येणं सिंहगड रस्ता ते हिंजवडी, महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे चिपळूण, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आणि घरच्यांचं म्हणणं की घाटात ऑटोमॅटिक नको. एवढ्या माहितीवर माझं उत्तर स्पष्ट आहे: ऑटोमॅटिक घ्या, पण टॉर्क कन्व्हर्टरचीच, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणारी. बजेटमध्ये फक्त एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) बसत असेल, तर मात्र मॅन्युअल घ्या.

शोरूममध्ये दोन्हींना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, म्हणून आधी गिअरबॉक्सचा प्रकार विचारा. क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर, स्कॉर्पिओ-एन यांच्या डिझेलमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. नेक्सॉन आणि एक्सयूव्ही ३एक्सओ यांच्या डिझेलमध्ये एएमटी आहे, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. क्लच प्लेट तिथेही असते आणि झिजते. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की ही प्लेट तापते, वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा घासायला क्लच प्लेटच नसते. वाकड पुलाखालच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हाच फरक सगळ्यात मोठा ठरतो.

मॅन्युअल डिझेलचा खरा खर्च नेमका तिथेच निघतो. डिझेलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त, त्यामुळे क्लच जड असतो आणि रांगेत लोक नकळत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चालवतात. उष्णतेने आधी क्लच प्लेट जाते. बऱ्याच डिझेल एसयूव्हींत ड्युअल मास फ्लायव्हील असतं: दोन भाग आणि मध्ये स्प्रिंगा, इंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नये म्हणून. त्या उष्णतेने तेही खराब होतं. इंजिन बंद करताना खडखड आवाज आला किंवा न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत थरथर वाढली, तर आधी त्याच्यावर संशय घ्यायचा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांच्या बिलात फ्लायव्हील आलं की आकडा एकदम वर जातो. मॅन्युअल घेतलीच तर क्लच तपासायची सोपी पद्धत अशी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५०च्या वेगाने असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच स्लिप होतोय.

ऑटोमॅटिकमध्ये पिकअप कमी असतं हा समज आता सोडायला हवा. फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, ऑटोमॅटिकला ५००. स्कॉर्पिओ-एनच्या जास्त ताकदीच्या डिझेलमध्ये मॅन्युअलला ३७०, ऑटोमॅटिकला ४००.

ॲव्हरेज मात्र कमी मिळतं, ते मान्य करूनच निर्णय घ्या. क्रेटा डिझेलचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला २१.८, ऑटोमॅटिकला १९.१. शहरात दोन्ही आकडे बरेच खाली येतात. वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. मॅन्युअल १५ देते आणि ऑटोमॅटिक १३.५, तर साधारण ११० लिटर जास्त लागतात. ९० रुपये लिटरने हे वर्षाला दहा हजारांच्या आसपास. खरेदीच्या वेळी लाख-दीड लाखाचा फरक असतो तो वेगळा, पण गाडी विकताना त्यातला काही भाग परत येतो.

आता घाटाबद्दल, कारण घरच्यांची भीती निराधार नाही. चढताना ऑटोमॅटिक सोपी असते. धोका उतरताना असतो. लिव्हर डी (ड्राइव्ह) वर ठेवून ताम्हिणी उतरायला लागलात, तर गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये जाऊ शकतो, इंजिन गाडीला धरत नाही आणि तुमचा पाय ब्रेकवरून हलत नाही. ब्रेक तापतात, पेडल मऊ पडतं. उपाय एकच: उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये (ज्यात गिअर आपण निवडतो) जा आणि तिसरा किंवा दुसरा गिअर धरा, म्हणजे इंजिन २,००० ते ३,००० आरपीएमवर राहून गाडी रोखेल. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम इथेही लागू आहे. उतारावर न्यूट्रल कधीच नको, कुठल्याच गाडीत. मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल नसलेली ऑटोमॅटिक तुमच्या वापराला मी सुचवणार नाही.

दोन सवयी सुरुवातीपासून लावून घ्या. उतारावर पार्क करताना पाय ब्रेकवर, लिव्हर न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढा, पाय सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि मगच पी (पार्क). उलट क्रमाने केलं तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर येतो आणि काढताना खाडकन आवाज होतो. दुसरी सवय म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी वरून आर (रिव्हर्स) वर जायचं नाही.

गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ असं कुणी सांगितलं तरी आठ-दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने ते मनावर घेऊ नये. घाट आणि ट्रॅफिक दोन्ही असतील तर ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. नुसतं काढून भरलं तर जुन्या तेलाचा बराच भाग कन्व्हर्टरमध्येच राहतो, हे लक्षात ठेवा. ५०-६०च्या स्थिर वेगात हलके झटके किंवा थरथर जाणवली तर तेल आधी तपासून घ्या.

बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो मॅन्युअलमध्येही तितकाच त्रास देतो. त्याची लाईट लागली तर साठलेली काजळी जळून जावी म्हणून बायपासवर वीसेक मिनिटं न थांबता ६०च्या वर, साधारण २,००० आरपीएमवर गाडी चालवा. ऑटोमॅटिक फार लवकर वरचा गिअर टाकत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी मागा आणि गाडी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर न्या. तिथे मध्येच थांबवून रिव्हर्समध्ये वर घ्यायला बघा. टॉर्क कन्व्हर्टर आणि एएमटी यांतला फरक तिथे लगेच कळेल. नंतर बायपासवर ६० वरून ९० पर्यंत ओव्हरटेक करून बघा: ॲक्सिलरेटर दाबल्यावर गिअर खाली यायला किती वेळ लागतो, तेवढा उशीर तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गाच्या दुपदरी पट्ट्यात चालेल का, ते बघून मगच बुकिंग करा.