टॅरिफचा भार कुणावर, सूट कुणाला?

अमेरिकेने लावलेली आयातशुल्के (टॅरिफ) आणि तिथल्या सरकारवर असलेले अब्जाधीशांचे वजन, या दोन विषयांवर वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतल्या काहींची उत्तरे इथे देत आहे. बहुतेकांनी हे विषय वेगवेगळे धरले आहेत. माझ्या मते ते एकच आहेत. का, ते तिसऱ्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : टॅरिफचा पैसा परदेश भरतात, असे ट्रम्प वारंवार सांगतात. मग अमेरिकेतच महागाईची ओरड का?

कारण तो पैसा परदेश भरत नाहीत. माल बंदरात उतरला की शुल्क भरावे लागते ते अमेरिकेतल्या आयातदाराला. परदेशी उत्पादकाने आपला दर उतरवला तर थोडा भार त्याच्या अंगावर जातो. पण ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या, 2018-19 च्या शुल्कांचा हिशेब मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञांना जवळपास सगळा भार अमेरिकेतच राहिलेला दिसला.

वॉशिंग मशिनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जानेवारी 2018 मध्ये आयात मशिनवर शुल्क जाहीर झाले आणि किमती सुमारे 12 टक्क्यांनी चढल्या. परदेशी मालाची स्पर्धा सैल झाल्यावर देशी कंपन्यांनीही दर वाढवून घेतले. ड्रायरवर तर शुल्क नव्हतेच, तरी तेही जवळजवळ तितकेच महागले, कारण लोक दोन्ही यंत्रे जोडीने घेतात आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे 150 कोटी डॉलर जादा गेले. तिजोरीत आले फक्त 8 कोटी 20 लाख. नव्या नोकऱ्या निघाल्या अंदाजे 1,800, म्हणजे एका नोकरीमागे 8 लाख डॉलरहून अधिक खर्च.

नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रम्प सरकारने कॉफी, केळी, गोमांस अशा वस्तूंवर त्याच वर्षी लावलेले शुल्क काढले. परदेशच पैसे भरत असते, तर ही माघार घ्यायचे कारण नव्हते.

प्रश्न : कारखाने आणि कामगार वाचणार असतील, तर थोडी महागाई सोसायला काय हरकत आहे?

प्रश्न रास्त आहे. कारखाने बंद पडून ओस झालेल्या गावांचे दुःख खरे आहे आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क लावले तेव्हा पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणाऱ्या उद्योगांतले कामगार कितीतरी जास्त होते, आणि त्यांचा कच्चा माल महागला. चीनने उलट वार केला तो सोयाबीनवर. शेतकऱ्यांना सावरायला सरकारला सुमारे 2,800 कोटी डॉलरची मदत जाहीर करावी लागली.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात एक गोष्ट निघाली, ती प्रत्येक राजकीय विश्लेषकाने वाचावी. शुल्काने संरक्षण दिलेल्या उद्योगांत रोजगार वाढल्याचे दिसले नाही, पण त्या भागांत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे मतांचा कल वाढला. नोकरी मिळाली नाही, तरी आपल्या बाजूने कुणीतरी उभे राहिले, ही भावना मतपेटीत उतरली. टॅरिफ आर्थिकदृष्ट्या फसूनही राजकारणात का टिकते, याचे उत्तर मला यात दिसते.

प्रश्न : टॅरिफमुळे अब्जाधीशांचेही नुकसान होते. मग त्यांच्या प्रभावाचा याच्याशी संबंध काय?

नुकसान होते हे खरे. 2 एप्रिल 2025 ला जवळपास सगळ्या देशांच्या मालावर नवी शुल्के जाहीर झाल्यानंतर शेअर बाजार कोसळला तेव्हा सर्वांत मोठ्या रकमा त्यांच्याच बुडाल्या. खुद्द इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांचे व्यापार सल्लागार पीटर नवारो यांच्यावर जाहीर तोंडसुख घेतले. म्हणून 'अब्जाधीशांनी टॅरिफ आणले' ही मांडणी मला पटत नाही. त्यांचे वजन दिसते ते शुल्क लागल्यानंतर, सूट मागायच्या वेळी.

एप्रिल 2025 मध्ये घोषणेला दहा दिवस होत नाहीत तोच स्मार्टफोन, संगणक आणि चिप्स नव्या शुल्कातून वगळले गेले. ऑगस्टमध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक ओव्हल ऑफिसमध्ये गेले. अमेरिकेतली गुंतवणूक आणखी 100 अब्ज डॉलरने वाढवून 600 अब्ज करण्याची घोषणा त्यांनी केली आणि 24 कॅरेट सोन्याच्या बैठकीवर बसवलेले काचेचे स्मृतिचिन्ह अध्यक्षांना भेट दिले. त्याच वेळी ट्रम्प यांनी चिप्सवर 100 टक्के शुल्काचा इशारा दिला आणि अमेरिकेत कारखाने उभारणाऱ्यांना, म्हणजे ॲपललाही, ते लागणार नाही असे सांगितले. यात काही बेकायदा घडले असा माझा आरोप नाही. पण हे दृश्य सगळ्या जगासमोर घडले आणि त्याचा अर्थ प्रत्येक उद्योजकाला कळला.

आता दुसरी बाजू. इलिनॉयमधली लर्निंग रिसोर्सेस ही शैक्षणिक खेळण्यांची कंपनी, न्यूयॉर्कमधली व्हीओएस सिलेक्शन्स ही वाइन आयात करणारी छोटी कंपनी. अध्यक्षांच्या दालनापर्यंत यांचा हात पोहोचत नाही. त्यांनी कोर्टाची पायरी चढली. अमेरिकेच्या 1977 च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली अशी शुल्के लावता येतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो यांच्यासारख्यांमुळे.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत चिनी मालावरच्या शुल्कातून सूट मागणाऱ्या हजारो अर्जांची छाननी संशोधकांनी केली आहे. रिपब्लिकन पक्षाला देणग्या देणाऱ्या कंपन्यांना सूट मिळण्याची शक्यता जास्त होती, डेमोक्रॅटिक पक्षाला देणाऱ्यांना कमी. शुल्क लावणारा आणि माफ करणारा हात एकच असला, की वशिल्याला भाव येणारच.

प्रश्न : अमेरिकेत निवडणुकीत एवढा पैसा ओतणे कायदेशीर कसे?

1976 च्या बकली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक खर्चाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र खर्चावरची बंदी उठवली आणि त्यातून सुपर पॅक, म्हणजे निवडणुकीवर अमर्याद पैसा जमवून खर्च करू शकणारे गट, उभे राहिले. मस्क यांनी 2024 च्या निवडणुकीत 25 कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि पुढे ते सरकारी खर्चकपातीचे सूत्रधार झाले, तेही त्यांच्या स्पेसएक्सकडे सरकारची मोठी कंत्राटे असताना. हितसंबंधांचा इतका उघड गुंता मला धोकादायक वाटतो.

पैसा दर वेळी जिंकतो असे मात्र नाही. एप्रिल 2025 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी 2 कोटी डॉलरच्या आसपास ओतले. त्यांचा उमेदवार पडला.

प्रश्न : हे सगळे नवे आहे का? यावर उपाय काय?

नवे नाही. 1913 मध्ये शुल्ककपातीचे विधेयक चर्चेत असताना अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या, उद्योगांसाठी वशिला लावणाऱ्या दलालांच्या फौजेवर जाहीर टीका केली. सिनेटने चौकशी लावली आणि प्रत्येक सिनेटरला आपले आर्थिक हितसंबंध शपथेवर सांगावे लागले. विधेयक मंजूर झाले.

1930 मध्ये मात्र शुल्के वाढवणारा स्मूट-हॉली कायदा करताना 'तू माझ्या मालाला संरक्षण दे, मी तुझ्या' अशी देवाणघेवाण चालली आणि हजारावर अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलला गेला. त्यातून धडा घेऊन काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1934 पासून शुल्काचे अधिकार टप्प्याटप्प्याने अध्यक्षांकडे दिले. अध्यक्ष साऱ्या देशाचे हित पाहतील, हा त्यामागचा विश्वास. आज दबावगटांना शेकडो खासदार गाठावे लागत नाहीत, एक दार पुरते.

एप्रिल 2025 मध्ये डेमोक्रॅट मारिया कँटवेल आणि रिपब्लिकन चक ग्रासली या सिनेटरांनी मिळून एक विधेयक मांडले : अध्यक्षांनी लावलेले नवे शुल्क काँग्रेसने 60 दिवसांत मंजूर केले नाही, तर ते आपोआप रद्द व्हावे. व्हाइट हाउसने नकाराधिकाराचा इशारा दिला. विधेयक चांगले आहे, पण मी त्यात एका कलमाची भर घालीन. दिलेली प्रत्येक सूट, मागणाऱ्याचे नाव, त्याने दिलेल्या देणग्या आणि सूट देण्याचे कारण, हे सगळे त्याच आठवड्यात जाहीर झाले पाहिजे.