मे दिन शिकागोचा, मग सुट्टी सप्टेंबरात का?

प्रश्न : माझे वडील सोलापूरच्या गिरणीत होते. दर वर्षी १ मे रोजी ते आम्हा भावंडांना शिकागोच्या हुतात्म्यांची गोष्ट सांगत. माझी मुलगी आता न्यू जर्सीत असते. तिला त्या दिवशी सुट्टी नसते, तिकडचा कामगार दिन सप्टेंबरात येतो. मे दिन ज्या देशात जन्मला त्याच देशाने तो का सोडला? आणि ज्या आठ तासांच्या मागणीपायी माणसे फासावर गेली, ते आठ तास अमेरिकेतल्या कामगाराला पुढे मिळाले का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मे दिनाची आठवण पुसण्यासाठी अमेरिकी सरकारने सप्टेंबरातला दिवस शोधून काढला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सप्टेंबरचा दिवसही कामगारांनीच सुरू केला, आणि तोही शिकागोच्या आधी. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १०,००० कामगार एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून मिरवणुकीत चालले. १८८७ मध्ये ओरेगन राज्याने कामगार दिनाची सुट्टी कायद्याने दिली आणि पाठोपाठ इतर राज्येही तिकडे वळली.

मे दिनाची कथा आठ तासांच्या मागणीची आहे. १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचाच धरावा, असा ठराव कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्येच केला होता. ठरल्या दिवशी देशभर लाखो कामगारांनी काम बंद ठेवले. ३ मे रोजी शिकागोतल्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले आणि त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा भरली. सभेच्या पत्रकात कामगारांनी शस्त्रे घेऊन यावे अशी एक ओळ छापली गेली होती. ती काढल्याशिवाय मी बोलणार नाही, असे ऑगस्ट स्पाइस यांनी बजावले आणि बहुतेक प्रतींतून ती काढलीही गेली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला आले होते. सभा शांततेत चालली आहे असे पोलिसांना सांगून ते घरी गेले. पावसाची चिन्हे दिसू लागली, गर्दी पांगली, शेवटचे भाषण संपत आले होते, आणि नेमक्या त्या वेळी पोलिसांची तुकडी सभा उधळायला पुढे सरकली. कुणीतरी बॉम्ब फेकला. बॉम्ब आणि त्यानंतरचा गोळीबार यांत सात पोलीस आणि किमान चार नागरिक दगावले.

बॉम्ब फेकणारा कधीच सापडला नाही. खटला मात्र आठ जणांवर चालला, ज्यांतले बहुतेक जण स्फोटाच्या वेळी चौकात नव्हतेच. पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी दिली गेली. लिंग यांनी आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी सोडले, आणि सोडताना हा खटलाच अन्यायाचा होता, हे लेखी नमूद केले. मधल्या काळात, १८८९ मध्ये, पॅरिसच्या समाजवादी परिषदेने १ मे हा आंतरराष्ट्रीय निदर्शनांचा दिवस ठरवला. तोच पुढे १९२३ मध्ये मद्रासमार्गे आपल्याकडे आला.

सप्टेंबरच्या सुट्टीवर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सही केली ती २८ जून १८९४ रोजी, आणि ती तारीख बोलकी आहे. शिकागोजवळच्या पुलमन गावात रेल्वेचे डबे बनत. कारखाना कंपनीचा, घरेही कंपनीची. मंदी आल्यावर कंपनीने मजुरी सरासरी पावपट कापली, घरभाडे मात्र एका सेंटानेही उतरवले नाही. भाडे वळते करून हाती अवघ्या दोन सेंटांचा पगाराचा चेक आलेला एक कामगार होता. त्याने तो वटवलाच नाही, चौकट करून घरात जपून ठेवला. संपानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे ही साक्ष झाली आहे, आणि मला ती आकड्यांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगणारी वाटते. मे महिन्यात हे कामगार संपावर गेले. २६ जूनपासून यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला, दोन दिवसांनी सुट्टीच्या कायद्यावर सही झाली, आणि ४ जुलैला शिकागोत संघराज्याचे सैन्य उतरले. संप मोडला, डेब्ज तुरुंगात गेले.

सरकारपुढे कामगारांनीच घडवलेले दोन दिवस होते. त्यांतल्या ज्या दिवसामागे फाशीचा दोर नव्हता तो सरकारने उचलला, असे माझे मत आहे. पुढे १९५८ मध्ये १ मे हा अधिकृतपणे 'निष्ठा दिन' आणि 'कायदा दिन' झाला.

आता आठ तासांविषयी. रेल्वे कामगारांना ते १९१६ मध्ये, संपाच्या धमकीनंतर, कायद्याने मिळाले. इतरांसाठी १९३८ चा कायदा यावा लागला. त्याने आठवड्याची मर्यादा आधी ४४ आणि १९४० पासून ४० तासांवर आणली, आणि त्यापुढच्या कामाला दीडपट मजुरी लावली. शेतमजूर आणि घरकामगार यांना मात्र त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामे करणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा होता. हेमार्केटनंतर अर्धशतक उलटूनही त्यांच्या दिवसाला तासांचे माप लागले नव्हते.